वास गेला त्या वर्षीची द्राक्षं

माझ्या नणंदेला वाइनच्या कारखान्यात सगळे नाकबाई म्हणत. पाठीमागे नाही, तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडायचं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा घरात सासरे, आमचे हे आणि ही बिनलग्नाची थोरली नणंद, एवढीच माणसं. वरच्या मजल्यावरची खोली तिची. पहिल्याच आठवड्यात मी खाली कांदा परतत होते, तर ही जिन्यावरूनच म्हणाली, "कढई नीट धुतलेली नाही. माशाचा वास आहे तिला."

मासे मी परवा केले होते, आणि कढई तीनदा घासली होती.

पुढे पंधरा वर्षं हेच. धुतलेल्या चादरीला दमटपणाचा वास, नव्या साबणाला स्वस्तातला वास, माझ्या भावाने आणलेल्या बिस्किटांना डब्याचा वास. ताई नाक मुरडायची आणि मी दात आवळायचे. तिने लग्न का केलं नाही, असं मी एकदा ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता, पण अत्तर लावून आला. तो गेल्यावर ताई म्हणाली, अत्तराच्या खाली काय आहे ते कळलं मला, नको." खरं काय ते देव जाणे. ती स्वतः या विषयावर कधी बोलली नाही.

तिला कारखान्यात वाइन हुंगून पारखायचं काम कसं मिळालं ते मात्र सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. सोळाव्या वर्षी ती बाटल्या धुवायला लागली. तेव्हा तळघराचा कारभार एका म्हाताऱ्याकडे होता, त्याला उस्ताद म्हणत. एक दिवस ही पोरगी हातातला ब्रश तसाच धरून त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "त्या कोपऱ्यातल्या पिंपाला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतोय." उस्तादांनी तिला हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच गेले, पिंप उघडलं, हुंगलं, आणि तिच्या हातातून ब्रश काढून घेतला. त्या दिवसापासून ती लॅबमध्ये.

लॅब म्हणजे उत्तरेकडच्या खिडकीची लांबट खोली. पांढऱ्या फरश्यांचा ओटा, एक मोरी, काचेच्या पेल्यांची रांग आणि ताईचं उंच स्टूल. सकाळी दहा वाजता, पोट रिकामं नाही आणि भरलेलंही नाही अशा वेळी, ती कामाला बसायची. पेला हलवायचा, नाक घालायचं, घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, मोरीत थुंकायचा. दिवसाला चाळीस घोट, आणि घरी एक थेंब नाही. मी त्याच इमारतीत पलीकडच्या खोलीत, लेबलं लावायच्या मशीनवर.

मी सपाट मुलखातून आलेली. कारखान्याच्या फाटकावर "ड्राय व्हाइट वाइन" असं लिहिलेलं वाचून मी सुरुवातीला विचारलं होतं, "ओली वस्तू कोरडी कशी असेल?" सगळे हसले. ताई हसली नाही. म्हणाली, "द्राक्षात जेवढी साखर असते, तेवढी सगळी आंबताना संपते. गोडी उरतच नाही, म्हणून कोरडी. गोड वाइनमध्ये काही खोट असली तर साखर पांघरूण घालते. हिच्यात लपायला जागा नाही. माती कशी होती, ऊन किती पडलं, रात्री गार होत्या की नाही, सगळं चव्हाट्यावर."

हे तिला उस्तादांनी नाही, माझ्या सासऱ्यांनी शिकवलं होतं. सासरे खड्डेवाले. नवे वेल लावायच्या आधी जमिनीत पुरुषभर खोल खड्डा घ्यायचा आणि खाली काय आहे ते मालकाला दाखवायचं, हा त्यांचा धंदा. ताई लहानपणी त्यांच्याबरोबर खड्ड्यात उतरायची. एका रविवारी ती मला मळ्यावर घेऊन गेली आणि तीन ठिकाणी उभं केलं.

वरचा पांढरा उतार. माती हातभरसुद्धा नाही. खाली खडूसारखा ठिसूळ पांढरा दगड, त्यात जुन्या समुद्राचे शिंपले. "हा दगड स्पंजसारखा आहे," ताई म्हणाली. "हिवाळ्यात पाणी पिऊन बसतो आणि उन्हाळाभर घोट घोट देतो. वेलाची मुळं भेगांतून पार खाली जातात. वेल उपाशी नाही, पण माजतही नाही." त्याच्या खाली गोट्यांचा पट्टा. तिथे पाणी टिकत नाही, गोटे दिवसभर तापतात, आणि द्राक्ष सगळ्यांत आधी पिकतं. आणि सगळ्यांत खाली, नदीच्या अंगाला, तळपट्टी. तांबडी, जड चिकणमाती, बुटाला धरली की सोडत नाही. गार हवा जड असते, ती रात्री उतारावरून घसरत येऊन इथे साचते. म्हणून इथे सगळंच उशिरा, कोंबही आणि पिकणंही, आणि वसंतात एखाद्या पहाटे दहिवर गोठलं तर पहिला फटका इथल्याच वेलांना.

"वेल तिन्हीकडे एकच," ती म्हणाली. "एकाच झाडाच्या काड्या लावल्यात. पण वाइन तीन. एकाच आईची तीन पोरं, तीन घरांत वाढलेली."

मला त्या दिवशी तिचा पहिल्यांदा थोडा आदर वाटला. संध्याकाळी तिने माझ्या सूपला फ्रिजचा वास येतो म्हटलं आणि तो गेला.

ताई एक्कावन्न वर्षांची असताना, थंडीत, तिला ताप आला. साधाच ताप, खोकला, आठ दिवस अंथरूण. सासरे तेव्हा जाऊन चार वर्षं झाली होती. ताप उतरला, ती खाली येऊन बसायला लागली. एका संध्याकाळी मी कामावरून आले, दार उघडलं आणि धुराने माझा घसाच धरला. ताई स्वयंपाकघरात टेबलाशी बसून वर्तमानपत्र वाचत होती. तिच्या पाठीमागे शेगडीवर दुधाचं भांडं काळंठिक्कर पडलेलं.

"ताई, दूध!"

ती वळली. आधी भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "करपलं?" असं तिने विचारलं. विचारलं! जिला दोन दिवसांपूर्वीचा मासा कळायचा तिने.

मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. ताई उठली. फडताळातून कॉफीचा डबा काढला, झाकण उघडून नाक आत घातलं. मग व्हिनेगरची बाटली. मग कपडे धुण्याचा साबण. मग लसणीच्या पाकळ्या बोटांत चिरडल्या. प्रत्येक वस्तू हुंगून ती ओळीने टेबलावर ठेवत गेली. शेवटी मी काही सुचेना म्हणून दाराशी पडलेला ह्यांचा बूट उचलून आणला.

"हाही नाही?"

तिने बूट नाकाशी धरला. "नाही," म्हणाली. मग आम्ही दोघी हसायला लागलो, आणि हसता हसता ती रडायला लागली. मी तिला त्या घरात कधी रडताना पाहिलं नव्हतं, बापाच्या वेळीसुद्धा नाही. बूट हातात तसाच.

डॉक्टरांनी टॉर्च मारून नाक पाहिलं आणि सांगितलं, नस दुखावली आहे, येईल तर येईल परत, नाही तर नाही, वाट पाहा. ताई परत येताना बसमध्ये म्हणाली, "कारखान्यात सांगू नकोस. महिनाभरात येईल."

महिना गेला. दुसरा गेला. वेगवेगळ्या टाक्यांतल्या वाइन एकत्र करून मिसळ ठरवायचे दिवस आले, आणि ते काम नाकबाईशिवाय होत नसे. मग एका दुपारी ती जेवणाच्या पिशवीतून सहा लहान बाटल्या घेऊन घरी आली, सहा पेले मांडले आणि मला म्हणाली, "बस. हुंग आणि सांग."

"मी? मला काय कळतंय?"

"तुला नाक आहे ना?"

मी पहिला पेला हुंगला. "वाइनचा वास येतोय."

"ते मलाही माहीत आहे. आणखी काय?"

"ओल्या फडक्याचा."

"कुठल्या फडक्याचा? भांडी पुसायच्या की फरशी पुसायच्या?"

"ताई, फडकं ते फडकं!"

"नाही. भांड्याच्या फडक्याला अन्नाचा आंबूस वास असतो, फरशीच्या फडक्याला मातीचा. पहिला असला तर टाकी धुवावी लागेल. दुसरा असला तर पांढऱ्या उताराची आहे आणि ठीक आहे. पुन्हा हुंग."

मी पुन्हा हुंगलं. फरशीचं होतं.

असे आमचे धडे सुरू झाले. रोज संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, कारण दिवे लागले की हे येत आणि त्यांना भूक लागलेली असे. मी वासांना जमेल ती नावं द्यायचे. पावसात भिजलेली भिंत, सोललेलं सफरचंद, काडेपेटीची काडी ओढल्यावर येतो तो, शाळेच्या नव्या वहीचा, माझ्या आईच्या शिवणयंत्राच्या तेलाचा. ती वहीत लिहून घ्यायची आणि आपल्या भाषेत बदलायची. पंधरा वर्षांत जेवढं बोलली नव्हती तेवढं ती त्या तीन महिन्यांत माझ्याशी बोलली. माझ्या स्वयंपाकाबद्दलही तिची तक्रार राहिली नव्हती, आणि खरं सांगायचं तर ते मला खुपायचं. समोर ठेवलेलं ती मुकाट्याने खायची. म्हणायची, "मऊ आहे. खारट आहे. एवढंच कळतं."

पण एक गोष्ट तिला हळूहळू कळत गेली. नाक गेलं होतं, जीभ गेली नव्हती. आंबट, खारट, कडू, तोंडाला येणारी ओढ, दातांचं आंबणं, हे सगळं जागेवर होतं. उलट वासाची गर्दी नसल्यामुळे ते जास्त स्पष्ट लागत होतं. एकदा तिने डोळे मिटून तीन पेले चाखले, मी फक्त बदलून देत होते, आणि तिन्ही पट्टे अचूक सांगितले. "पांढऱ्या उताराचा आंबटपणा सरळ जातो," ती म्हणाली, "जिभेच्या मधून रेघ मारल्यासारखा. गोट्यांचा येतो झटकन आणि जातो झटकन. तळपट्टीचा गालांकडे पसरतो. पस्तीस वर्षं चाखतेय, पण हे मला असं कधी दिसलंच नाही. वासच ऐकत बसले."

मी म्हटलं, "वास ऐकत?"

"तुला समजलं ना? मग झालं."

त्या वर्षी उन्हाळा बिथरला. वसंतात एक सर पडली ती शेवटची. दुपारी मळ्यात उभं राहवत नव्हतं. ते एक वेळ चाललं असतं, पण आमच्या खोऱ्याची खरी दौलत म्हणजे गार रात्री. दिवसा ऊन द्राक्षात साखर भरतं, रात्रीचा गारवा आंबटपणा राखतो, आणि या दोघांच्या ओढाताणीतून आमची वाइन होते. त्या वर्षी रात्रीसुद्धा अंगावर चादर नको वाटायची. साखर भराभर चढत होती आणि आंबटपणा भोक पडलेल्या भांड्यातल्या पाण्यासारखा जात होता.

काढणी कधी सुरू करायची यासाठी मालकीणबाईंनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. मालकीणबाई सत्तरीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांचा मुलगा बाहेर शिकून आलेला, हुशार, त्याला सगळे चिरंजीव म्हणत. मी लेबलांचे नमुने दाखवायला म्हणून तिथे होते.

चिरंजीव म्हणाले, "दहा दिवस थांबू. साखर पुरेशी आहे, पण सुगंध अजून भरलेला नाही. आपल्या वाइनची ओळख सुगंध आहे. ताई, तुम्हीच सांगा, भरलाय का?"

मी हातातल्या लेबलांकडे बघत राहिले. ताई शांत होती. "दहा दिवसांनी सुगंध भरेल," ती म्हणाली, "आणि वाइन मरेल. आंबटपणा हा कणा आहे. कणा गेल्यावर सुगंध कुणाच्या अंगावर घालायचा? उद्यापासून गोट्यांचा पट्टा काढा. चार दिवसांनी पांढरा उतार. तिथे दगडाने अजून धरून ठेवलंय, पण चार दिवसच."

"आकडे तर एवढी घाई सांगत नाहीत."

"आकडे परवाचे आहेत. मी आज सकाळी तिन्हीकडे जाऊन मणी खाल्लेत."

मालकीणबाईंनी मुलाकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. "ताई म्हणतात तसं करा."

आजूबाजूचे सगळे मळे अजून उभे होते आणि आमच्याकडे काढणी सुरू झाली. लोक कुंपणाशी उभे राहून हसत होते. पांढरा उतार पाचव्या दिवशी निघाला. राहिली तळपट्टी.

आता मी जे सांगणार आहे त्यात चूक माझी आहे. काढणीच्या दिवसांत मशीनवरच्या बायकांनाही मळ्यात घेतात. मी पहाटेपासून वाकून घड कापत होते, दुपारनंतर पुन्हा मशीनवर. संध्याकाळी घरी आले तर ताई कपात तळपट्टीचे मणी कुस्करून बसलेली.

"आंबटपणा इथेही उतरायला लागलाय," ती म्हणाली. "पण तळपट्टी नेहमी मागे असते. तू हुंग."

मी हुंगलं. "हिरवं काहीतरी आहे."

"हिरवं म्हणजे? सफरचंदाच्या सालीसारखं की कच्च्या शेंगेसारखं? शेंग असली तर अजून थांबायला हवं."

कच्च्या शेंगेसारखं होतं. मला ते कळलंही होतं, म्हणजे कळत होतं, पण तसं म्हटलं असतं तर तिने आणखी दोन कप पुढे केले असते, वेगवेगळ्या ओळींचे, आणि माझे पाय बादलीतल्या गरम पाण्यासाठी रडत होते. "सफरचंद," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तळपट्टी काढली.

दीड महिन्याने आंबणं थांबून टाक्या शांत झाल्यावर तळघरात पहिली चव घ्यायला सगळे जमले. लांब टेबल, त्यावर पांढरा कागद. तळपट्टीची टाकी पहिली आली. चिरंजीवांनी पेला नाकाशी नेला आणि थांबले. मालकीणबाईंनी नेला, आणि त्याही थांबल्या. माझ्यापर्यंत तो वास उभ्या जागी आला. कच्च्या शेंगा, ओल्या, नुकत्या मोडलेल्या. ताईने पेला हलवला, सवयीने नाक घातलं, घोट घेतला, थुंकला आणि म्हणाली, "छान गोलाई आहे. वासही स्वच्छ."

चिरंजीवांनी आपला पेला खाली ठेवला. ताईने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. तिला वास कळत नव्हता, पण माणसांचे चेहरे तिला चांगले वाचता येत. तिने पेला कागदावर ठेवला.

"मला वास येत नाही," ती म्हणाली. "थंडीपासून."

मालकीणबाईंना समजायला वेळ लागला. "म्हणजे मिसळ? काढणी? हे सगळं..."

"हो."

"मग वास कोण घेत होतं?"

"कोणी नाही. अंदाजाने चालवलं."

मला गप्प बसता आलं असतं. ताईने दार माझ्यासाठी उघडं ठेवलं होतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "मी घेत होते. त्या दिवशी शेंगांचाच वास होता. मला कळला होता. मी दमले होते म्हणून सफरचंद म्हणाले."

ताई माझ्याकडे वळली. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

मालकीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "दोघी घरी जा. मी कळवेन."

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "दोघींना एकदम सुट्टी? कुठे जायचंय का?" आम्ही दोघींनी एकाच वेळी, मी "गप्प बसा" आणि ताईने "गप्प बस" म्हटलं. त्यानंतर दोन दिवस ताई माझ्याशी बोलली नाही. जिना उतरायची, जेवायची, ताट धुवायची, वर जायची. मी अपराध्यासारखी तिच्या पावलांचा आवाज ऐकत बसायचे.

तिसऱ्या दिवशी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. ती आली आणि चादरीचं दुसरं टोक धरलं.

"कशाला बोललीस तिथे? माझं एकटीचं गेलं असतं. आता दोघींचं गेलं."

"ताई, सफरचंद मी म्हटलं होतं."

"ते कळलं. दोन दिवस मला त्याचाच राग होता." तिने चादर झटकली. "पण तू दमली होतीस, ते मला दिसत होतं. तुझे पाय सुजले होते. तरी मी कप पुढे केला. दमलेल्या माणसाच्या नाकावर विसंबू नये, हे लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला मीच शिकवत आले. मला उत्तर हवं होतं, मी ते घेतलं."

"माफ करा मला."

"करते. पण चादर उलटी घातलीयस."

सहाव्या दिवशी मालकीणबाई स्वतः आल्या. त्या आमच्या घरी आधी कधी आल्या नव्हत्या. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या, पिशवीतून लेबल नसलेल्या दोन बाटल्या काढल्या. एक गोट्यांच्या पट्ट्याची, एक पांढऱ्या उताराची.

"काल खोऱ्यातले सगळे मळेवाले जमले होते," त्या म्हणाल्या. "अकरा जणांच्या वाइन चाखल्या. या वर्षी सगळ्यांच्या मिळमिळीत. जड, गरम, जिभेवर बसून राहतात. आमची गोट्यांची बरी आहे. आणि ही पांढऱ्या उताराची," त्यांनी बाटलीवर बोट ठेवलं, "ही आली तेव्हा लोक बोलायचे थांबले. अशा उन्हाळ्यात ही इतकी ताठ कशी, असं विचारत होते."

ताईने पेला काढला. पेल्यात घोटभर ओतून तिने चाखली. तोंडात बराच वेळ ठेवली. आणि मोरी चार पावलांवर असून, गिळली.

"खोटं बोललात ते मी विसरणार नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "आठ महिने. मला सांगितलं असतंत तर मी काय तुम्हाला हाकललं असतं?"

"माहीत नाही," ताई म्हणाली. "मला वाटलं होतं, हाकलाल. नाक नसलेली नाकबाई काय कामाची?"

मालकीणबाईंनी बाटलीचं बूच पुन्हा बसवलं. "मलाही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "कदाचित हाकललं असतं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. लॅबमध्ये दुसरं माणूस घेतलं जाईल. तळपट्टीची टाकी व्हिनेगरवाल्याला जाईल. ताईने यापुढे मळा पाहायचा. कुठला पट्टा कधी काढायचा, शब्द तिचा, वासाचा कौल चिरंजीवांचा. आणि मी माझ्या मशीनवर परत.

ताईला ते सोपं गेलं नाही. मला खोटं लिहायचं नाही. नवी बाई लॅबमध्ये आली, शिकलेली, गोड स्वभावाची, आणि ताईच्या उंच स्टुलावर बसली. पहिल्या दिवशी ताई काही विसरलेलं आणायचं निमित्त काढून तिथे गेली आणि तणतणत माझ्या खोलीत आली. "हाताला क्रीम लावते! मोरीवर ट्यूब ठेवलीय! क्रीमच्या हातांनी पेले धरणार, आणि म्हणे वास घेणार!"

"तुम्हाला वास आला क्रीमचा?"

"ट्यूब दिसली. डोळे आहेत मला."

ती ट्यूब दुसऱ्या दिवशी गायब झाली. नवी बाई रडली असं कानावर आलं, मग ताईच तिला घेऊन तिन्ही पट्टे फिरून आली. पुढे त्या दोघींचं बरं जमलं. फार नाही, बरं.

वर्षभराने ताईचा वास परत आला, पण वाकडा. कॉफीला जळक्या रबराचा, साबणाला गंजक्या लोखंडाचा. कांदा मात्र अगदी कांद्यासारखा. द्राक्षांचा, वाइनचा वास आलाच नाही. तिने त्याची वाट पाहणं कधी सोडलं, ते मला सांगता येणार नाही. एक दिवस लक्षात आलं की सकाळी कॉफीचा डबा हुंगायची तिची सवय गेली आहे.

तसे उन्हाळे त्यानंतर आणखी आले. चिरंजीव तळपट्टीवर फार रागावलेले होते. ते वेल उपटून तिथे गवत टाकायचं, आणि टेकडीच्या माथ्यावर, जिथे वारा गार आहे, तिथे नवी लावण करायची, असं त्यांनी ठरवलं होतं. ताई माथ्याला हो म्हणाली, तळपट्टीला नाही म्हणाली. मळ्यातच दोघांचं भांडण झालं, काढणीच्या बायका हात थांबवून ऐकत होत्या.

"ती माती गार आहे, जड आहे, सावकाश चालते," ताई म्हणाली. "मी तिला घाईने ओढून काढली, म्हणून ती हिरवी राहिली. दोष तिचा नव्हता. वर सगळं तापून निघेल तेव्हा तीच तुमच्या उपयोगाला येईल. दोन वर्षं द्या मला."

त्यांनी तीन दिली. पहिल्या वर्षी वसंतात दहिवराने कोंब जाळले आणि काहीच हाती लागलं नाही, चिरंजीव काही बोलले नाहीत पण त्यांचं तोंड बोलत होतं. दुसऱ्या वर्षी बरं झालं. तिसऱ्या वर्षी, जेव्हा गोट्यांचा पट्टा अक्षरशः भाजला, तेव्हा ताईने तळपट्टी बाकी सगळ्यांच्या नंतर सतरा दिवस वेलावर ठेवली. सतरा दिवस ती रोज दोनदा जाऊन मणी खायची, बिया चावून बघायची, कडू आहेत की भाजल्यासारख्या कुरकुरीत. नवी बाई शेजारी उभी राहून हुंगायची. सोळाव्या दिवशी नवी बाई म्हणाली, "शेंग गेली." ताई म्हणाली, "उद्या." तळपट्टीची वाइन पांढऱ्या उतारासारखी ताठ झाली नाही, होणारही नव्हती, पण भरदार झाली, आणि तिला स्वतःचं लेबल मिळालं. ते मीच चिकटवलं, आठ हजार बाटल्यांवर.

आता ताई एकसष्ट वर्षांची आहे. गुडघा दुखतो, म्हणून मळ्यात ट्रॅक्टरवरून जाते. ट्रॅक्टरवाला माझ्याकडे तक्रार करतो की ही बाई प्रत्येक ओळीला थांबवते, उतरते, दोन मणी खाते, थुंकते, पुन्हा चढते, यापेक्षा चालत गेली असती तर लवकर झालं असतं. माथ्यावरच्या नव्या वेलांना या वर्षी पहिला घड धरला होता, तो गारपिटीत गेला. चिरंजीव खचले होते. ताई तिथे जाऊन आली, बूट दाराशी काढले आणि म्हणाली, "काड्या शाबूत आहेत. पुढच्या वर्षी बघू." मग स्वयंपाकघरात येऊन तिने माझ्या कढईवरचं झाकण उचललं.

"कांदा लागायला आलाय," ती म्हणाली. "आच कमी कर."